‘५२ किलोवर ये, मग बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं का?

प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की घर सांगली जिल्ह्यात, पुण्यात हॉस्टेलला राहतेस, वय १९, बीएस्सीचं दुसरं वर्ष, उंची ५ फूट ८ इंच, वजन ५८. मॉडेलिंगचं काम मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कोऑर्डिनेटरने फोटो बघून सांगितलं की फेस चांगला आहे, महिन्यात ५२ किलोवर ये मग पोर्टफोलिओ, म्हणजे काम मागताना दाखवायचा फोटोंचा संच, करू, त्याचे ६० हजार. तेव्हापासून तू एक वेळ जेवतेस, बाकी दिवसभर ब्लॅक कॉफी आणि काकडी, वर रोज दीड तास पळतेस, ३ किलो उतरले आणि आता काटा हलत नाही. मधेच एका ओळीत, जाता जाता सांगितल्यासारखं लिहिलंयस की केस गळतायत, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते आणि या महिन्यात पाळी आली नाही. आणि विचारतेयस काय, तर उरलेले ३ किलो कसे घालवू आणि मॉडेल्स नक्की काय खातात.

तुला अगं-तुगं करतेय, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी डॉक्टर नाही, डाएटिशियन पण नाही. २००६ पासून आठ वर्षं मुंबईत एका मॉडेल एजन्सीत बुकर होते, म्हणजे मुलींना काम लावून देणं, तारखा सांभाळणं, क्लायंटकडून पैसे काढणं आणि टेप घेऊन मापं घेणं. आता अंधेरीत नवीन मुलामुलींना रॅम्पवर चालायला आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकवते. तब्येतीचं जे सांगीन ते आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि डाएटिशियनकडून इतकी वर्षं ऐकलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं आहे, त्यामुळे अंधारी आणि पाळीसाठी आधी या आठवड्यात डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढं तरी त्या करायला सांगतील आणि त्यांना जेवणाचं खरं सांग, ‘थोडं डाएट चालू आहे’ असं मोघम नको.

आता मुद्दा. तू डाएटचा प्रश्न विचारलायस पण माझ्या मते तुझा प्रश्न डाएटचा नाहीचे. तुला कळत नाहीये की तुझ्या अंगाबद्दल आकडा ठरवायचा हक्क कोणाचा आणि तो माणूस धंद्यातला आहे की नाही.

कारण धंद्यात किलो कोणी फारसं विचारत नाही गं. मॉडेलचं कॉम्प कार्ड, म्हणजे क्लायंटला दाखवायचं फोटो-मापांचं कार्ड, बघितलंयस का, त्यावर उंची असते, छाती-कंबर-हिप्सची मापं असतात, बुटाचा नंबर, केस आणि डोळ्यांचा रंग. वजनाचा रकाना सहसा नसतोच, कारण डिझायनरला कपडा बसण्याशी मतलब आणि कपडा इंचावर बसतो. ५ फूट ८ वाल्या दोन मुली, दोघी ५८ किलोच्या, एक खेळाडू आणि एक अजिबात व्यायाम न करणारी, दोघींच्या कंबरेत चांगला दोन-अडीच इंचाचा फरक मी स्वतः मोजलाय. त्यामुळे टेप न लावता, फोटो बघून, फोनवर ‘५२’ म्हणणारा माणूस मला पहिल्याच वाक्याला खटकला.

तरी त्याचा आकडा खरा धरून हिशोब करू. बीएमआय म्हणजे किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. तुझी उंची साधारण १७३ सेंमी, म्हणजे ५८ किलोला बीएमआय येतो १९.४, व्यवस्थित नॉर्मलमध्ये. ५२ ला येतो १७.४. १८.५ च्या खाली कमी वजन धरतात. म्हणजे तू ५५ वर आलीस तेव्हाच काठावर आलीस आणि तो तुला अजून खाली ओढतोय. बीएमआय हे काही फार हुशार माप नाही, स्नायू आणि चरबी त्याला वेगळं कळत नाही हे मान्य, पण पाळी चुकलेल्या मुलीच्या बाबतीत तेवढी घंटा पुरे.

दुसरा हिशोब महिन्याचा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. ६ किलो म्हणजे ४६ हजारांच्या वर, ३० दिवसांत भागलं तर रोज दीड हजारांहून जास्त तूट. तुझ्या अंगकाठीच्या मुलीचा दिवसाचा सगळा खर्चच १,९०० ते २,००० च्या आसपास असतो. मग उरलं काय, दोन भाकऱ्या आणि वाटीभर वरण, अख्ख्या दिवसाला. हे जमणारं गणितच नाहीये. तुझे पहिले ३ किलो झरझर उतरले त्यात मोठा भाग पाण्याचा, कारण स्नायू आणि लिव्हरमध्ये साखरेचा जो साठा असतो तो प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो, जेवण तोडलं की साठा जातो आणि पाणी पण जातं. आता काटा अडलाय म्हणजे तुझी जिद्द कमी पडतेय असं नाही, शरीराने खर्च कापायला घेतलाय. केस, पाळी, अंगातली ऊब, ज्याच्यावाचून आजचा दिवस निघेल ते सगळं ते आधी बंद करतं. आणि पाळी फक्त पाळी नसते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की हाडं भरायची थांबतात, आणि तुझं हाडं भरायचं वय पंचविशीच्या आगेमागेपर्यंतच आहे, नंतर कितीही दूध प्यायलीस तरी ती वर्षं परत येत नाहीत.

मी कामाला लागले तेच वर्ष, २००६. त्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस फॅशन शोमध्येच गेली, वय २२. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन गेली, ॲनोरेक्सियाने, म्हणजे वजनाच्या भीतीने जेवणच तुटतं त्या आजाराने, वय २१. मधे सप्टेंबरला माद्रिदच्या फॅशन वीकने १८ च्या खाली बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्पवर बंदी घातली. आमच्या ऑफिसात ही बातमी ‘तिकडचं’ म्हणून वाचली गेली, चहा पिता पिता, मी पण तशीच वाचली. नंतर इस्रायलने २०१२ मध्ये तसाच कायदा केला, फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागू केलं. आपल्याकडे असलं काही आजही तुला वाचवायला येणार नाही, म्हणून हे आकडे तुलाच माहीत असलेले बरे.

आणि आता माझं. २००८ च्या सुमाराला साईझ झिरोची, म्हणजे अगदी काटकुळं दिसायची, लाट आली होती, तू तेव्हा अगदी लहान असशील. एका शोच्या फिटिंगला एक मुलगी होती, कामाला एकदम सिन्सियर, हिप्स एक इंच जास्त भरले. मीच तिला म्हटलं, पाच दिवस आहेत, बघ काहीतरी. आवाज गोड ठेवून म्हटलं, आम्हाला तसंच शिकवलेलं. पाच दिवसांनी कपडा बसला. शोच्या रात्री बॅकस्टेजला तिला १०-१२ किलोचा ब्रायडल लेहेंगा चढवला, वर दुपट्टा, वर दागिने, पायात साडेचार इंची हील, आणि लाईनमध्ये उभी असतानाच ती खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच. ड्रेसरने लेहेंगा सोडवला, दुसऱ्या मुलीला घातला, शो झाला. नंतर कळलं की पाच दिवस ती लिंबूपाण्यावर होती आणि शेवटच्या दिवशी लघवी जास्त होण्याची गोळी पण घेतली होती. त्या गोळ्यांनी पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात हे मला त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये एका ज्युनियर डॉक्टरने सांगितलं, जरा रागावूनच. मुलगी बरी झाली. पण पुढच्या सीझनला त्या डिझायनरने तिला घेतलं नाही, कारण काय तर ‘रिलाएबल नाही’. हे वाक्य मी अजून विसरले नाहीये, कारण क्लायंटला तसं फोनवर कळवणारी आमचीच एजन्सी होती.

त्यानंतर माझं डोकं या बाबतीत बदललं. मॉडेलिंग हे अंगमेहनतीचं काम आहे, बाहेरून तसं दिसत नाही एवढंच. रॅम्पचं ग्लॅमर बाजूला ठेव, बहुतेक मुलींचं घरभाडं निघतं ते कॅटलॉग आणि ऑनलाईन शॉपिंगच्या शूटवर. सुरतला कुर्ती-साडीच्या कॅटलॉगला दिवसाला ४०-५० कपडे बदलायचे, प्रत्येकात हसायचं, पदर सावरायचा, पाठ ताठ. दिवाळीचं शूट पावसाळ्यात, स्वेटरचं शूट मे महिन्यात. कॉल टाईम पहाटे ५ चा, मेकअपला दीड तास, पॅकअप रात्री ९ ला, जेवण दुपारी ३ ला आलं तर नशीब. अशा दिवशी उपाशी मुलीचा चेहरा दुपारनंतर उतरतो, डोळ्याखाली सावली दिसते आणि फोटोग्राफर वैतागतो. मुलगी बोलावताना क्लायंट पहिल्यांदा चेहरा बघतो, दुसऱ्यांदा मात्र ती चाळिसाव्या कपड्यात कशी दिसत होती ते आठवून बोलावतो. आणि तूच बघ, कुठल्याही शॉपिंग ॲपवर कुर्तीच्या खाली लिहिलेलं असतं मॉडेलची उंची अमुक, घातलेला साईझ एस किंवा एम. एस किंवा एम गं. तू आत्ता ज्या मापाची आहेस तेच.

हे सगळ्यांना सारखं लागू नाही, ते पण सांगते. पॅरिस-मिलानचा रॅम्प करायचा असेल तर सॅम्पल, म्हणजे शोसाठी शिवलेला नमुन्याचा कपडा, खूप बारीक मापाचं असतं, तिथे हिप्स ३५ च्या आत मागतात, आणि काही मुलींची हाडाची ठेवणच तशी असते, त्या पोटभर खाऊन त्या मापात असतात. तुझी ठेवण तशी नसेल तर उपाशी राहून हाडं अरुंद होत नाहीत. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) असेल, थायरॉइड असेल तर गोष्ट वेगळी, ते रिपोर्टवर ठरेल. कधीकधी कंबरेचा एखाद इंच कमी करायला सांगणं वाजवीही असतं, पण त्याला तीन-चार महिने देतात आणि ते सांगणारा आधी टेप लावतो. मुलग्यांचं आणखी निराळंच, त्यांना शर्टलेस शूटच्या आधी पाणी तोडायला सांगतात आणि जिममधला कोणीतरी इंजेक्शन सुचवतो, त्यावर परत कधीतरी.

मॉडेल्स काय खातात? ज्या दहा-बारा वर्षं टिकल्या त्यांना मी खाताना बघितलंय, सांगते. घरचं जेवण, वेळेवर, आणि डबा. बॅकस्टेजला जे येतं त्यावर अवलंबून राहायचं नाही ही पहिली सवय. एक नागपूरची मुलगी होती, तिच्या बॅगेत कायम फुटाणे, शेंगदाणे-गूळ आणि एक उकडलेलं अंडं, सगळ्या हसायच्या, अंड्याच्या वासावरून तर भांडणं झाली, ती अजून काम करतेय, आता चाळिशीच्या आसपासच्या बायकांच्या दागिन्यांच्या जाहिराती.

तुझ्यासाठी डाएट चार्ट देणार नाही, कारण आत्ता तुला चार्टची नाही, जेवणाची गरज आहे. तरी काही गोष्टी. प्रोटीन आपल्या ताटात खरंच कमी पडतं, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला ४८ च्या आसपास, आणि व्यायाम करणारीला थोडं जास्त चालतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच, म्हणजे दिवसभरात अंडी, उसळ, डाळ, दही, पनीर, चिकन यातलं काही ना काही प्रत्येक वेळेला पानात हवं, एका वेळच्या जेवणात ते कुठून बसणार. मेसमध्ये मटकी-चवळी मिळतेच, दोन वाट्या घे, लाजू नको. भात आणि भाकरी तोडू नकोस, पळायला आणि उभं राहायला तेच लागतं. नाचणीची भाकरी किंवा आंबील मिळाली तर सोनं, कॅल्शियमसाठी. लोहाचं मात्र सिरियसली घे, एनएफएचएस-५ या सरकारच्या कुटुंब-आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, त्यात तू बसतेस की नाही ते रिपोर्ट सांगेल. तोवर पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळ आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून घेऊ नको, तासभर अंतर ठेव, नाहीतर खाल्लेलं लोह अंगाला लागत नाही. दिवसभर ब्लॅक कॉफी म्हणजे भूक मारायची युक्ती, ती कोणी शिकवली मला माहितीये, सगळ्याच शिकवतात.

दीड तास पळणं आत्ता बंद. डॉक्टर हो म्हणाल्या की मग आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम, पाय, पाठ आणि पोट. स्क्वॉट्स, एका पायावर तोल, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. लेहेंग्याचं वजन पोटऱ्या आणि पाठच पेलतात. हीलवर चालायची प्रॅक्टिस रोज २० मिनिटं पुरे, आणि नंतर पोटऱ्या ताणायच्याच, नाहीतर पंचविशीत गुडघे बोलायला लागतात. माझे बोलतात, आणि मी तर रॅम्पवर कधी नव्हतेच, नुसती शिकवताना चालते.

मॉडेल मधू सप्रे आधी ॲथलीट होती, १९९२ ला बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या स्टेजवर देशाची प्रमुख झालीस तर काय करशील विचारलं तर तिने खेळाच्या मैदानाचं उत्तर दिलं, त्यावरून तिला लोकांनी खूप ऐकवलं पण मला ते उत्तर तेव्हाही आवडलेलं. मॉडेल मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ मध्ये झुरिकला आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग स्पर्धा, केली त्याने. ही दोघं त्या पिढीत उठून दिसायची त्याचं एक कारण त्यांचं उभं राहणं होतं, खेळातून आलेलं, ते डाएटने येत नाही. तू लिहिलंयस की शाळेत खो-खो खेळायचीस. मग?

झोप आणि स्किनबद्दल थोडक्यात. रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप उतरवून झोप, काजळ-स्पंज स्वतःचे ठेव, सनस्क्रीन रोज. मेडिकलमधून मैत्रिणीने सांगितलेलं गोरं करणारं क्रीम आणू नको, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, दोन आठवडे चेहरा काचेसारखा दिसतो आणि मग जो लाल होऊन, पुरळ उठून बसतो तो मेकअपखाली पण लपत नाही. तू सावळी आहेस असं दोनदा लिहिलंयस, जणू माफी मागतेयस. ते आधी थांबव. उज्ज्वला राऊत याच मुंबईची, १९९६ ला फेमिना लूक ऑफ द इयर झाली आणि पुढे व्हिक्टोरियाज सीक्रेट या अमेरिकन ब्रँडच्या रॅम्पवर गेली, तिचा रंग कोणी उजळला नव्हता.

तर इथपर्यंत एवढंच झालं की आकडा चुकीचा, मुदत अशक्य आणि तुझं शरीर तुला तसं ओरडून सांगतंय. राहिले ते ६० हजार.

खरी एजन्सी नवीन मुलीकडून आधी पैसे घेत नाही. ती तुझ्या कामातून कमिशन कापते, साधारण २० ते ३० टक्के, म्हणून तिला तुला काम मिळवून देण्यात रस असतो. जो आधीच ६० हजार घेतो त्याची कमाई तिथेच झाली, पुढे तुला काम मिळो न मिळो. आणि वजनाची अट का घातली असेल सांगू? तू ५२ वर आली नाहीस की दोष तुझा, पैसे गेले तरी तू भांडायला जाणार नाहीस, शरमेने. हे मी इतक्या मुलींच्या बाबतीत बघितलंय की आता चीड पण येत नाही, म्हणजे येते, आत्ता टाईप करताना येतेय.

पोर्टफोलिओ सुरुवातीला लागतच नाही. एजन्सीला साधे फोटो हवे असतात, डिजिटल्स म्हणतात. खिडकीपाशी उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर, काळा अंगालगतचा टॉप आणि जीन्स, केस बांधलेले आणि एकदा सोडलेले, मेकअप नाही, फिल्टर नाही, समोरून, बाजूने, पाठीमागून आणि चेहऱ्याचा जवळून. मैत्रिणीला फोनवर काढायला सांग. उंची अनवाणी, भिंतीला टेकून मोज, अर्धा इंच वाढवून लिहू नको, पहिल्याच भेटीत पकडतात. चालण्याचा एक २० सेकंदांचा व्हिडिओ. हे मुंबईतल्या दोन-चार जुन्या एजन्सींना त्यांच्या वेबसाईटवर दिलेल्या पत्त्यावर मेल कर, शून्य रुपये. उत्तर नाही आलं तर सहा महिन्यांनी परत. भेटायला बोलावलं तर दिवसा, ऑफिसात, सोबत कोणीतरी घेऊन.

पण हे सगळं दोन-तीन महिन्यांनी, अंगात जरा रक्त आल्यावर. आत्ताचे फोटो पाठवू नकोस, आत्ता तू दमलेली दिसत असणार.

कॉलेज सोडायचा विचार खाली लिहिलायस तो तर नकोच. पैसे ६०-९० दिवसांनी हातात येतात, कधी त्याहून उशिरा, मधे टीडीएस कापलेला असतो, महिनोन् महिने काम नसतं, आणि वर्सोव्याला तिघींत एक खोली घेतली तरी भाडं पहिल्या तारखेलाच द्यावं लागतं. ज्या मुलीला भाड्याची घाई नसते तीच वाईट कामाला नाही म्हणू शकते आणि उपाशी राहा म्हणणाऱ्यालाही. अदिती गोवित्रीकरने मॉडेलिंग केलं तरी एमबीबीएस पण पूर्ण केलं, आणि २००१ ला मिसेस वर्ल्ड झाली. तुझं दीड वर्ष राहिलंय फक्त.

घरी यातलं काही सांगितलेलं नाहीस असं वाटतंय. आईला सगळं नको सांगू हवं तर, पण पाळीचं आणि चक्करचं सांग, तिला डॉक्टरकडे सोबत यायला सांग. आणि मेसचं एका वेळचं बंद करून पैसे वाचवतेस ना पोर्टफोलिओसाठी, ते उद्यापासून परत दोन वेळचं सुरू कर, आणि रिपोर्ट आले की इथेच टाक, आमच्या बाईंना विचारून उत्तर देते.